मागल्या खोल्यांतले इंजिनेरबाब

चालती विजेची मोटार दिसली की आमचे इंजिनेरबाब थांबत. खिशातून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढत, त्याचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. मग ती मोटार भाताच्या गिरणीतली असो की देवळाच्या विहिरीवरची. माझ्या लग्नात सगळे जेवायला बसले होते आणि हा माणूस मंडपामागे जनरेटरला कान लावून उभा होता. मिनिटभराने डोळे उघडून त्यांनी मंडपवाल्याला सांगितलं, "डावीकडचं बेअरिंग कुरकुरतंय. आजचं लग्न पार पडेल. पुढच्या लग्नाचं सांगता येत नाही." माझं लग्न पार पडलं. पुढच्या आठवड्यात साखळी गावातल्या एका लग्नात दिवे गेले असं नंतर कळलं.

त्यांचं नाव मारुती गावडे. गाव चंदगड तालुक्यातलं, तिळारी घाट चढून गेलं की पलीकडे. आमच्या गोव्यात, डिचोलीच्या बाजूला इंजिनियरला इंजिनेर म्हणतात आणि मान द्यायचा असला की पुढे बाब लावतात. ते स्वतः मात्र कुणी असं म्हटलं की संकोचायचे. "मी डिप्लोमावाला, ताई. इंजिनिअर म्हणजे डिग्रीवाले," असं त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल. पण गावात ज्याच्या त्याच्या घरची मोटार बिघडली की डिग्रीवाल्याला कोण शोधणार? इंजिनेरबाबच जायचे.

ते आले तेव्हा मी बारावीत होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा आठवडा होता. आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, पूर्वी तिथे नारळ आणि काजू ठेवायचे. माझे वडील, आबा, बलकांवात बसले होते. बलकांव म्हणजे आमच्याकडची दाराबाहेरची दगडी बाकांची बसायची जागा, जिथून आबा सगळ्या वाड्यावर लक्ष ठेवायचे. समोर एक सडपातळ माणूस उभा राहिला, हातात पत्र्याची ट्रंक, डोक्यावर खाणीवरचं पिवळं हेल्मेट. हेल्मेट त्याला काढायचं सुचलं नव्हतं. मागे सावित्रीवहिनी, आणि त्यांच्या कडेवर वर्षभराची ऋतुजा.

"खाणीवर पंप बघतो," तो म्हणाला. "ठेकेदाराकडे आहे. खोली मिळेल का?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं. बाळ आमच्या जास्वंदीकडे हात करत होतं. आबांनी खोल्या उघडून दिल्या. ते घरात आले आणि आईला म्हणाले, "माणूस बरो दिसता. पूण घाटी. कागद-बिगद कांय करचो ना."

या बोलण्याचा शेवटचा भाग, म्हणजे कागद करायचा नाही हा, पुढे आम्हाला फार जड गेला, म्हणून त्याच्याबद्दल इथेच सांगते. आबांच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या काकांनी, आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राखणीला एक कुटुंब ठेवलं होतं. पुढे त्या कुटुंबाने घरावर हक्क सांगितला. कोर्टात वीस वर्षं गेली आणि काका ती जागा हरले. त्या कुटुंबाची बाजू खोटी होती असं आज मला वाटत नाही, तीही माणसं तिथे राबली होती. पण काकांची त्या वीस वर्षांत जी दशा झाली ती आबांनी जवळून पाहिली होती. तेव्हापासून घरात कुणी राहतं असं कागदावर लिहून द्यायचं नाही, पावती द्यायची नाही, सही करायची नाही, हा आबांचा नेम झाला. इंजिनेरबाबांनीही कधी मागितलं नाही. पहिल्या तारखेला यायचे, भाडं हातात द्यायचे, दोन गोष्टी बोलून जायचे.

त्यांच्या येण्याने आमच्या घरात आवाजांकडे लक्ष द्यायची सवय लागली. "आवाज बदलला की तक्रार आहे असं समजायचं," हे त्यांचं बोलणं. मोटारीपुरतं नाही, सगळ्याच बाबतीत. आईचा मिक्सर दुरुस्त करायला आले असताना ते एकदम म्हणाले, "काकी, तुमचा आवाज दोन दिवस बसलाय, डॉक्टरकडे जाऊन आलात का?" आम्हा घरच्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. माझं लग्न होऊन मी मांद्र्याला गेले. सासरी समुद्राकाठी चार खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. एका वर्षी ऐन हंगामात नळाला पाणी कमी यायला लागलं आणि जे यायचं ते खारट. सासऱ्यांनी नवा पंप घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी इंजिनेरबाबांना बोलावू. ते रविवारी स्कूटरवरून आले, सोबत दोन्ही मुली. स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "पंप ठणठणीत आहे बघा. विहीर दमलीय. तिला दुपारी चार तास निजू द्या." सासऱ्यांना ते पटायला आठ दिवस लागले. पण विहीर निजली आणि पाणी गोडं झालं. नवा पंप घ्यायची वेळ आली नाही. त्या दिवशी मुलींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. इंजिनेरबाब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोघींचे हात धरून पाण्यात उभे होते आणि लाट आली की मुलींपेक्षा तेच जास्त दचकत होते.

मुली म्हणजे त्यांचा जीव. ऋतुजानंतर चार वर्षांनी दिव्या झाली. मुली शाळेत जायला लागल्या तेव्हा सावित्रीवहिनींनी काजूच्या कारखान्यात काम धरलं. त्यांची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची. मग मुलींच्या वेण्या कोण घालणार? इंजिनेरबाब घालायला लागले. मागल्या पायरीवर स्वतः वरच्या पायरीला बसायचे, मुलीला खालच्या पायरीला बसवायचे आणि तारेचा दोर विणावा तशी घट्ट, एकसारखी वेणी घालायचे. येणारी-जाणारी बायकामाणसं हसायची. पोदेर सायकलवरून पाव घेऊन यायचा, तो तर रोज थांबून बघायचा. इंजिनेरबाबांना त्याचं काही वाटायचं नाही. "पट्टा निसटला तर मशीन थांबतं, वेणी सुटली तर ही शाळेत रडते. दोन्हींना ताण बरोबर लागतो," ते म्हणायचे. ऋतुजाच्या वर्गातल्या दोन मुलींनी आपल्या आयांना सांगितलं होतं म्हणे, की आम्हाला ऋतुजाच्या बाबांकडून वेणी घालून हवी.

खाणीवरून ते साडेसहाला घरी यायचे म्हणजे यायचेच. पावसाळ्यात खाणीच्या खड्ड्यात पाणी भरतं, पंप रात्रंदिवस चालतात, तेव्हा पाळ्या बदलायच्या. पण काम संपलं की ते सरळ घरी. कुठल्या टपरीवर रेंगाळणं नाही, पत्त्यांच्या अड्ड्यावर बसणं नाही. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "तुम्ही घड्याळाचे काटे धरून चालता काय?" ते म्हणाले, "खाणीवर मी नसलो तर बदली माणूस येतो, ताई. घराला बदली माणूस नसतो." हे बोलताना ते हसले नव्हते.

त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याआधी त्यांच्या आईविषयी सांगायला हवं. आई गावी एकटी असायची. तिला गोव्यात करमायचं नाही, चार दिवस आली की म्हशीची आठवण काढायची. म्हणून दर महिन्याला एका शनिवारी हे दोडामार्गला जाऊन घाटाची गाडी पकडायचे, आणि रविवारी संध्याकाळी तांदळाची पिशवी घेऊन परत. गावच्या रेशनकार्डावर त्यांचं नाव होतं ते त्यांनी तिथेच ठेवलं. मतदानाचं कार्डही तिकडचंच. कुणीतरी सुचवलं की इथलं करून घ्या, सोयीचं पडेल. ते म्हणाले, "माझं नाव काढलं तर कार्डावर आई एकटी राहील. बरं दिसत नाही ते." केवढी साधी गोष्ट. आई गेल्यावर त्यांनी नावं इकडे आणली, तोवर ऋतुजा आठवीत होती.

मध्येच खाणी बंद झाल्या. वरून हुकूम आला आणि बघता बघता ट्रकांची रांग थांबली. आमच्या अंगणातल्या झाडांवरची तांबडी धूळ पहिल्याच पावसात धुऊन गेली आणि झाडं हिरवी आहेत हे आम्हाला नव्याने कळलं. बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला, बऱ्याच जणांच्या घरात चूल पेटेनाशी झाली, आणि पुष्कळदा ही दोन्ही घरं एकाच वाड्यावर होती. ठेकेदार आपली यंत्रं घेऊन निघून गेला, तो कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खड्ड्यातला शेवटचा पंप इंजिनेरबाबांनी बंद केला. त्या दिवशी ते घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. मी माहेरी आले होते. चहा घेऊन गेले तर म्हणाले, "सतरा पंप होते, ताई. एकेकाचा आवाज मला पाठ. आज तिथे पाखरं ओरडताना ऐकू आली."

त्या वेळी त्यांना मस्कतला नोकरी चालून आली होती. बरोबरचे दोघे गेलेही. पगार इथल्या तिप्पट. सावित्रीवहिनीच म्हणाल्या, जा, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मी सांभाळते. इंजिनेरबाबांनी आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी नाही म्हणून कळवलं. आबांना ते वेड वाटलं. त्यांनी बलकांवात बोलावून विचारलं, "अरे, लोक जावंक सोदतात आनी तूं ना म्हणटा?"

तेव्हा ते म्हणाले, "आबा, माझे वडील मुंबईला गोदीत होते. वर्षातून दोनदा यायचे. मी बारा वर्षांचा असताना तिकडेच गेले. त्यांचा फोटो आहे माझ्याकडे. पण त्यांचा आवाज कसा होता ते मला आठवत नाही. किती प्रयत्न केला तरी आठवत नाही."

आबांनी आईला हाक मारून दोन कप चहा मागवला.

मग दोन वर्षं इंजिनेरबाबांनी मिळेल ते काम केलं. इब्रामपूरला शेतकऱ्यांचे नदीवरचे पंप दुरुस्त केले, कुणाच्या काजूच्या भट्टीवर पाण्याची सोय करून दिली. पाव आणि पातळ भाजीवर दिवस निघाले. पुढे मोपाच्या पठारावर विमानतळाचं काम निघालं आणि तिथे त्यांना पाण्याच्या पंपांवरच नोकरी मिळाली. मोपा आमच्याकडून दूर. रोज स्कूटरवरून इब्रामपूरमार्गे जायचे आणि यायचे. सगळे म्हणाले, तिकडेच खोली घ्या. पण मुलींची शाळा इथे होती. "मी हललो तर एकटा हलतो, त्या हलल्या तर तिघी हलतात," हा त्यांचा हिशोब. विमानतळ सुरू झाला तसे ते तिथेच कायम झाले. पहिलं विमान आमच्या घरावरून गेलं तेव्हा आबा अंगणात येऊन वर बघत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते, "आमचो इंजिनेर आसा थंय." जणू विमान तेच चालवत होते.

असं सगळं असूनही कागदाचा विषय आबांच्या घरात निघत नव्हता. चवथीला पहिला मोदक ऋतुजाच्या हातावर ठेवायचे, दिव्याला मांडीवर घेऊन बाराखडी गिरवून घ्यायचे, पण कागद नाही. प्रेमाची आणि भीतीची पेटी त्यांनी वेगवेगळी ठेवली होती.

ऋतुजा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिला वडिलांसारखंच यंत्रांचं वेड होतं, फरक एवढाच की तिला डिग्री करायची होती. सरकारी कॉलेजात जागा मिळण्याजोगे गुण होते. फक्त पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला हवा होता. मी सुट्टीसाठी माहेरी आले होते. ऋतुजा विहिरीवर भेटली, नेहमीसारखी हसली. पण मला इंजिनेरबाबांची सवय लागली होती. मी म्हटलं, "तुझा आवाज बदललाय. काय झालं?"

तिथेच ती रडायला लागली. शाळेने पहिलीपासून बारावीपर्यंतचं लिहून दिलं होतं, ती बारा वर्षं झाली. जन्म सावित्रीवहिनींच्या माहेरचा, म्हणजे घाटावरचा. रेशनकार्ड आणि मतदान ती आठवीत जाईपर्यंत तिकडचं. ठेकेदाराचा पत्ता नाही. आधीच्या तीन वर्षांचं काहीच नव्हतं. तलाठ्याने सांगितलं होतं की घरमालकाने येऊन जबानी दिली तर चौकशीत ते धरता येईल. अर्जाची मुदत संपायला बारा दिवस उरले होते.

"मग आबांना सांगितलंस?"

"बाबांनी सांगू नको म्हटलंय," ती म्हणाली. "ते म्हणतात, आबांना ज्या गोष्टीची भीती वाटते ती त्यांच्याकडून मागायची नाही."

मी तशीच घरात गेले आणि आबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते तोवर ठीक होतं. मी जबानीचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला. त्यांनी दुपारीच आमच्या नात्यातल्या एका वकिलाला फोन केला. वकील म्हणाला, आता कायदे वेगळे आहेत, एवढं काही होत नाही, तरीपण लिहून न दिलेलं बरं. त्या "तरीपण"वर आबा घट्ट बसले.

"कागद केलो काय घर गेलें," ते म्हणाले.

"आबा, सतरा वर्षं ती माणसं इथे आहेत."

"ताचेच भंय," ते म्हणाले. म्हणजे त्याचीच तर भीती.

मी खूप बोलले. जे बोलायला नको तेही बोलले. काकांचं दुःख तुम्ही या पोरीवर काढताय असंही म्हणाले. आबा उठून आत गेले. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी इंजिनेरबाब बलकांवात आले. आमचं बोलणं भिंतीपलीकडे गेलं असणार. त्यांनी खोलीची जादा किल्ली बाकावर ठेवली.

"आबा, मोपाजवळ एक खोली बघितलीय. येत्या गुरुवारी आम्ही तिकडे जातो. खोल्या रिकाम्या झाल्या की तुम्हाला काळजी राहणार नाही. मग तुम्हाला वाटलं तर या पोरीसाठी दोन शब्द सांगा. नाही वाटलं तरी माझी काही तक्रार नाही. सतरा वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळलंत."

ते हे अगदी सरळ बोलले. त्यात ना टोमणा होता ना विनवणी. मला वाटतं टोमणा असता तर आबांना सोपं गेलं असतं. आबा नुसते म्हणाले, "बरें." किल्ली बाकावरच राहिली. दिवसभर तिला कुणी हात लावला नाही.

सोमवारी मागून भांडी बांधल्याचे आवाज यायला लागले. दिव्या आपली पुस्तकं दोरीने बांधत होती. आबा घरातल्या घरात फिरत होते, जेवण अर्धंच जेवले. मंगळवारी सकाळी ते विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. इंजिनेरबाब आमच्या पंपाच्या खोलीत होते. कामावर सुट्टी टाकली होती. पंप उघडून, पुसून, ग्रीस भरून त्यांनी परत बसवला होता. आणि पंपाचं बटण, जे इतकी वर्षं भिंतीला खाली, गुडघ्याच्या उंचीवर होतं, ते काढून छातीच्या उंचीवर लावत होते. आबा दारात उभे होते.

"हें कित्याक?" आबांनी विचारलं.

"तुमचे गुडघे दुखतात ना," इंजिनेरबाब स्क्रू पिळता पिळता म्हणाले. "एवढे दिवस मीच चालू करत होतो. आता तुम्हाला करावं लागेल. वाकायला नको."

आबा काही वेळ त्या बटणाकडे बघत राहिले. मग वळले आणि घराकडे चालू लागले. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरात जाऊन त्यांनी आईला इस्त्रीचा सदरा काढायला सांगितला, कपाटातून घरपट्टीच्या पावत्यांची पिशवी घेतली आणि मला म्हणाले, "गाडी काड. तांकाय आपय." त्यांनाही बोलाव.

तलाठ्याच्या कार्यालयात आम्ही पाचजण गेलो. आबा, मी, इंजिनेरबाब, ऋतुजा आणि शेजारचे एक वृद्ध साक्षीला. गाडीत ऋतुजाने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्या रुतल्या. तलाठी तरुण होता, शांत होता. त्याने कागद पुढे घेतला आणि विचारलं, "ही माणसं तुमच्याकडे कधी आली?"

"माझ्या ह्या चेडवाची बारावी होती, त्या वर्सा," आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "चवथीच्या आदल्या सप्तकांत. पावस पडटालो. हें चेडूं आवयच्या कडेर आशिल्लें." मग त्यांना वाटलं असावं की सरकारी कामात मराठी बरी, म्हणून त्यांनी मराठीत सांगायला सुरुवात केली. पहिल्या चवथीला पोरीला मोदक कुणी भरवला, तिला गोवर आला तेव्हा कुठल्या डॉक्टरकडे नेलं, ती पहिलं पाऊल कुठल्या पायरीवर टाकताना पडली. तलाठ्याला एवढं नको होतं. पण त्याने थांबवलं नाही, पेन खाली ठेवून ऐकत राहिला. सतरा वर्षं जे आबांनी एका ओळीत लिहून दिलं नव्हतं ते सगळं त्यांच्या डोक्यात तारीखवार होतं.

शेवटी तलाठी म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे इतकी वर्षं हे तुमच्या घरात राहत होते, असं लिहितो."

आबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"राहत होते नाही. रावतात," ते म्हणाले. "म्हज्या घरांत रावतात. तशेंच बरय."

तलाठ्याने तसंच लिहिलं. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि सही केली. इंजिनेरबाब बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते. मी बाहेर आले तर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. ऋतुजाने ओढणीने त्यांचा चेहरा पुसला.

"चला, पयलीं भाजी-पाव खावया," आबा बाहेर येत म्हणाले. "भूक लागल्या." तीन दिवसांनी त्यांना भूक लागली होती. डिचोलीच्या बाजारातल्या हॉटेलात आबांनी चार पाव खाल्ले आणि चहा दोनदा घेतला. मग इंजिनेरबाबांना म्हणाले, "टेंपोवाल्याक फोन कर. गुरुवारी येवं नाका म्हण."

इंजिनेरबाब म्हणाले, "आबा, तुम्हाला रात्री झोप लागेल ना?"

"आज लागतली," आबा म्हणाले.

मुदतीच्या तीन दिवस आधी दाखला हातात आला. ऋतुजाला जागा मिळाली. बांधलेली भांडी परत फळीवर गेली आणि दिव्याची पुस्तकं मात्र दोरीतच राहिली. तिने ती सोडलीच नाहीत, परीक्षा आली तेव्हा एकेक उपसून वाचली. त्या घरात कोर्ट आलं नाही, नोटीस आली नाही. ज्याची आबांनी सतरा वर्षं वाट पाहिली ते संकट आलंच नाही, आणि ते येणार नाही हे कळल्यावर आबा अंगाने थोडे जाड झाले असं आई म्हणते.

गेल्या वर्षी ऋतुजा इंजिनिअर झाली. नोकरीला लागली. त्यानंतर इंजिनेरबाबांनी पेडण्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, कामाजवळ. या वेळी खरोखरच टेंपो आला. मी मुद्दाम मांद्र्याहून गेले होते. सामान चढवून झालं, सावित्रीवहिनी आईच्या गळ्यात पडल्या. इंजिनेरबाब आबांच्या पाया पडायला वाकले तर आबांनी त्यांना वरच्या वर धरलं. "वाकूंक नाका," ते म्हणाले. "पेडणें खंय पयस?" पेडणं तसं लांब नाही हे खरंच आहे. ते दर पंधरा दिवसांनी येतात. पण टेंपो वळणावर दिसेनासा झाल्यावर आबा बराच वेळ बलकांवात बसून राहिले होते.

दोन महिन्यांनी, मी माहेरी असताना, खोल्यांत नवी माणसं आली. बेळगावकडचा एक तरुण, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, बायको आणि दोन महिन्यांचा मुलगा. खोली बघून झाली, भाडं ठरलं. तो तरुण चाचरत म्हणाला, "कागद वगैरे नसला तरी चालेल, आबा. आम्ही काही मागणार नाही."

आबांनी त्याला बसायला सांगितलं. मग मला म्हणाले, वकिलाला फोन लाव, उद्या येतो म्हण. त्या तरुणाकडे वळून ते म्हणाले, "कागद जाय." जाय म्हणजे हवाच. "आज तुका नाका दिसतलो. पूण ह्या भुरग्याक फुडें लागतलो."

बाळ आईच्या खांद्यावर झोपलं होतं. आबांनी त्याचं नाव विचारलं, आणि ते नीट लक्षात राहावं म्हणून दोनदा उच्चारून पाहिलं.